महाराष्ट्राचे वाइन धोरण : उद्योग, शासन आणि द्राक्ष बागायतदार

महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. विंचूर (जि. नाशिक) व पलूस (जि. सांगली) येथील वाइन पार्क आणि राज्यातील द्राक्षांपासून तयार होणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत, ही त्याची प्रमुख अंगे होत. पुढे वाइन उद्योग प्रोत्साहन योजनेद्वारे २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्क्यांचा परतावा देण्यात आला. उद्योगाला उभारी देण्यात शासनाच्या या सहकार्याचा वाटा निर्विवाद आहे.

तथापि या धोरणाचे समर्थन शेतकऱ्याच्या नावाने होत असले, तरी सवलत मिळते ती वाइनरीला. ती दराच्या रूपाने बागायतदारापर्यंत झिरपेल, हे गृहीतच धरले जाते. २००८-०९ च्या मंदीत या गृहीतकाची मर्यादा उघड झाली. वाइनरींची खरेदी घटली. वाइनच्या द्राक्षांना खाण्याच्या द्राक्षांची बाजारपेठ नसल्याने अनेकांना बागा तोडाव्या लागल्या.

जानेवारी २०२२ मधील सुपरमार्केटमधून वाइन विक्रीस परवानगी देणाऱ्या मंत्रिमंडळ निर्णयातही हाच क्रम दिसतो. निर्णय आधी झाला. जनतेच्या हरकती व सूचना विरोधानंतर मागविण्यात आल्या आणि अंमलबजावणी रखडली.

सारांश, उद्योग व शासन यांच्यातील संवाद आवश्यक असला, तरी पुरेसा नाही. करपरताव्याला लेखी खरेदी करार व किमान दराची जोड मिळाली, तरच शेतकरीहित हा धोरणाचा केवळ युक्तिवाद न राहता त्याचा आशय ठरेल.