करडईच्या शेतातून : स्टुडिओ जिब्लीच्या चित्रपटांची सुरुवात कोठून करावी?

प्रस्तावना :

स्टुडिओ जिब्ली ही जपानमधील अ‍ॅनिमेशनपट निर्माण करणारी संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता आणि निर्माते तोशिओ सुझुकी हे तिचे तीन आधारस्तंभ होत. संस्थेचे नाव सहाराच्या वाळवंटातून वाहणाऱ्या उष्ण वाऱ्याच्या नावावरून घेतलेले आहे. तिच्या ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) या चित्रपटास २००२ मध्ये बर्लिन महोत्सवातील सुवर्ण अस्वल व २००३ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. ‘द बॉय अँड द हेरॉन’ (२०२३) या चित्रपटाने २०२४ मध्ये पुन्हा ऑस्कर मिळविले. २०२० मध्ये संस्थेचे एकवीस चित्रपट नेटफ्लिक्सवर भारतासह अनेक देशांत दाखल झाले. चित्रपट महोत्सव आणि फिल्म सोसायट्या यांच्यापासून दूर असलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या मोबाईलपर्यंत हे चित्रपट आले ते प्रामुख्याने या मार्गाने.

एवढ्या चित्रपटांपैकी पहिला कोणता पाहावा, या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. सर्वाधिक गाजलेला म्हणून ‘स्पिरिटेड अवे’ किंवा सर्वांत सोपा म्हणून ‘माय नेबर तोतोरो’ (१९८८). ही दोन्ही उत्तरे चुकीची नाहीत. परंतु प्रेक्षक कोठे उभा आहे, याचा विचार त्यांत नाही. मराठवाड्यातील, विशेषतः शेतकरी कुटुंबातील प्रेक्षकाने ताकाहाता यांच्या ‘ओन्ली यस्टर्डे’ (१९९१) या चित्रपटापासून सुरुवात करावी, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. या चित्रपटाच्या केंद्रस्थानी करडईचे शेत आहे.

‘कार्टून’ या शब्दाचा अडसर :

आपल्याकडे रेखाटलेला चित्रपट म्हणजे लहान मुलांची करमणूक, असा समज रूढ आहे. वास्तविक जपानी अ‍ॅनिमेशन मराठी घरांत फार पूर्वीच आले होते. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी मोगलीची ‘जंगल बुक’ ही मालिका जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेची निर्मिती होती. याच संस्थेसाठी ताकाहाता यांनी १९७९ मध्ये ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ या कादंबरीवरील मालिका दिग्दर्शित केली होती. स्वयंपाक, शाळा, शेत, पाऊस यांसारखे दैनंदिन जीवन रेखाटनातून गंभीरपणे दाखविता येते, हा ताकाहाता यांचा विश्वास अशा मालिकांच्या काळात दृढ झाला. ते स्वतः चित्रकार नव्हते. टोकियो विद्यापीठात त्यांनी फ्रेंच साहित्याचा अभ्यास केला होता. त्यामुळे त्यांच्या चित्रपटांत कल्पनेच्या भरारीपेक्षा निरीक्षणाचे बळ अधिक दिसून येते. ज्या प्रेक्षकाच्या मनात ‘कार्टून’ या शब्दाविषयी पूर्वग्रह आहे, त्याचा पूर्वग्रह भुताखेतांच्या व जादूच्या चित्रपटाने कदाचित पक्काच होईल. ‘ओन्ली यस्टर्डे’मध्ये जादू नाही. म्हणूनच तो हा अडसर प्रथम दूर करतो.

कथानकाचे स्वरूप :

‘ओमोहिदे पोरो पोरो’ हे या चित्रपटाचे मूळ जपानी नाव असून, टपटप गळणाऱ्या आठवणी असा त्याचा भाव आहे. १९८२ सालातील कथा आहे. ताएको ही टोकियोत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची अविवाहित स्त्री दहा दिवसांची रजा घेऊन बहिणीच्या सासरच्या नातेवाइकांकडे, यामागाता प्रांतातील खेड्यात, शेतीकाम करण्यासाठी जाते. प्रवासात आणि शेतात तिला १९६६ मधील, म्हणजे पाचवीच्या वर्गातील आपले बालपण आठवत राहते. शाळकरी ताएकोला सुट्टीत जाण्यासाठी खेडेच नव्हते. मराठीत सांगावयाचे तर तिला ‘मामाचा गाव’ नव्हता. ही उणीव मोठेपणी भरून काढण्याची तिची धडपड हा कथेचा गाभा होय.

आठवणी साध्याच आहेत. घरात प्रथमच आणलेले अननस कसे कापावे हे कोणालाच माहीत नसते आणि खाल्ल्यावर सर्वांचाच हिरमोड होतो. अपूर्णांकाचा भागाकार करताना तो उलटा का करावयाचा, हे तिला समजत नाही, म्हणून ती गणितात मागे पडते. नाटकात काम करण्याची चालून आलेली संधी वडिलांच्या नकारामुळे हातची जाते. मुलींना शाळेत मासिक पाळीची माहिती दिली जाते आणि मुले त्यांची चेष्टा करू लागतात. ‘कावळा शिवला’ असे म्हणून मुलीला बाजूला बसविण्याची प्रथा ज्या समाजात पूर्णतः संपलेली नाही, तेथे हा प्रसंग वर्गात दाखविण्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेत हा चित्रपट २०१६ पर्यंत चित्रपटगृहांत प्रदर्शित होऊ शकला नाही, त्याचे एक कारण हाच प्रसंग असल्याचे मानले जाते.

रेखाटनाची पद्धतही आशयाशी जोडलेली आहे. बालपणीच्या दृश्यांत रंग फिके असून चित्राच्या कडा पांढऱ्या अवकाशात विरून जातात. वर्तमानकाळातील दृश्ये मात्र तपशिलांनी भरलेली आहेत. या भागासाठी अभिनेत्यांचे आवाज आधी ध्वनिमुद्रित करून त्यानुसार चेहऱ्यांच्या हालचाली रेखाटल्या गेल्या. हसताना गालांवर उमटणाऱ्या रेषाही त्यामुळे दिसतात. मूळ चित्रकथेत केवळ बालपण होते. प्रौढ ताएको आणि तिचे खेडे ही ताकाहाता यांनी घातलेली भर होय.

करडई : दोन देशांतील एक पीक :

यामागाता प्रांत करडईच्या फुलांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे हे पीक तेलासाठी नव्हे, तर रंगासाठी घेतले जाते. पाकळ्या खुडतात, धुतात, तुडवितात, आंबवितात आणि कुटून त्यांच्या चकत्या करून वाळवितात. पिवळा रंग पाण्यात निघून जातो आणि मागे राहिलेल्या लाल रंगापासून ओठांना लावण्याची लाली व वस्त्रांचा रंग तयार होतो. ही सर्व प्रक्रिया चित्रपटात क्रमवार येते.

मराठवाड्यातील प्रेक्षकाला हे पीक अनोळखी नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या एका वाणाचे नावच ‘परभणी कुसुम’ असे आहे. रब्बीतील करडई, तिच्या कोवळ्या पानांची भाजी, घाण्यावरचे तेल या गोष्टी येथील घरांच्या परिचयाच्या आहेत. सोयाबीन, हरभरा आणि हळद यांच्या विस्तारात करडईचे क्षेत्र घटले, तरी आठवण पुसली गेलेली नाही. कुसुंबी हा मराठीतील रंगवाचक शब्द याच फुलाने दिलेला आहे. आपल्याकडे रंग शब्दात उरला आणि पीक तेलासाठी राहिले. जपानमध्ये रंगासाठीच पीक टिकले.

ताएको रात्रीच्या गाडीने पहाटे स्थानकावर उतरते आणि घरी न जाता थेट शेतात जाते, कारण फुले दव असेपर्यंतच खुडावयाची असतात. दवाने काटे मऊ पडतात, ऊन चढले की ते टोचू लागतात. करडईची काढणी सकाळच्या गारव्यात उरकण्याची आपली रीत ज्याने पाहिली आहे, त्याला या दृश्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. टोकियोतील किंवा न्यूयॉर्कमधील प्रेक्षकाला जे केवळ नयनरम्य वाटेल, त्यामागील श्रम येथील प्रेक्षकाला चटकन ओळखू येतील.

याच ठिकाणी ताएकोच्या निवेदनातून एक लोकसमजूत सांगितली जाते. पूर्वी मुली हातमोज्यांविना फुले खुडीत. काटे टोचून निघालेल्या रक्ताने लाल रंग अधिक गहिरा होई, पण ती लाली स्वतःच्या ओठांना लावण्याचे भाग्य त्या मुलींना कधी लाभत नसे. रंग पिकविणारे हात वेगळे आणि रंग मिरविणारे ओठ वेगळे, हे वास्तव हळदीच्या प्रदेशाला नवे नाही. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची बाब आहे. तथापि उन्हात हळद काढणाऱ्या, शिजवणाऱ्या आणि वाळत घालणाऱ्या स्त्रियांचे हात त्या मानांकनात दिसत नाहीत.

निसर्ग की माणसाची निर्मिती? :

तोशिओ हा नोकरी सोडून सेंद्रिय शेतीकडे वळलेला तरुण ताएकोला गाव दाखवितो. ती डोंगर, झाडी, ओढा पाहून निसर्गाचे कौतुक करते. त्यावर तो तिला समजावतो की, दूरचे उंच डोंगर सोडले तर हे सारे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घडविलेले आहे. तिला आपलेसे वाटणारे दृश्य निसर्ग आणि माणूस यांच्या सहवासातून निर्माण झाले आहे. हा संवाद चित्रपटाचे वैचारिक केंद्र मानावयास हरकत नाही. आपल्याकडील बांध, पांदण, आमराई, विहीर आणि वावर यांकडेही याच दृष्टीने पाहता येते.

तोशिओच्या मोटारीत हंगेरीतील लोकसंगीत वाजत असते. ते शेतकऱ्यांचे संगीत आहे म्हणून आपल्याला आवडते, असे तो सांगतो. करडईच्या शेतातील दृश्यामागेही बल्गेरियातील लोकगीत आहे. जपानी शेतावर पूर्व युरोपातील सूर योजून ताकाहाता यांनी एका शेताचे दुसऱ्या शेताशी असलेले नाते सूचित केले आहे. जात्यावरच्या ओवीची परंपरा असलेल्या प्रेक्षकाने आपले शेत त्यात जोडले, तर ते दिग्दर्शकाच्या योजनेला धरूनच होईल.

गावाची ओढ आणि तिची परीक्षा :

चित्रपट येथेच थांबला असता, तर तो खेड्याचे गोड चित्र ठरला असता. परंतु अखेरच्या रात्री घरातील आजी ताएकोला विचारते, तू तोशिओशी लग्न करून इथेच का राहत नाहीस? या एका प्रश्नाने दहा दिवसांच्या हौसेचे रूपांतर आयुष्याच्या निर्णयात होते. ताएको घाबरून पावसात घराबाहेर पडते. तिला आबे हा वर्गमित्र आठवतो. गरीब, मळकट असा तो मुलगा शाळा सोडून जाताना सर्वांशी हस्तांदोलन करतो; मात्र ताएकोला नकार देतो. मनातून त्याचा सर्वाधिक तिरस्कार आपणच करीत होतो, याची तिला आता जाणीव होते. गावाविषयीचे आपले प्रेमही असेच वरवरचे तर नाही ना, हा प्रश्न ती स्वतःला विचारते.

शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही आज ग्रामीण महाराष्ट्रातील उघड व्यथा आहे. १९८० च्या दशकात जपानच्या खेड्यांतही हीच समस्या होती. शिक्षणासाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथे जाणाऱ्या हिंगोलीच्या मुलामुलींसमोर आजीचा तो प्रश्न वेगवेगळ्या रूपांत उभा आहे. गावाविषयी हळवे स्टेटस ठेवणे सोपे असते, गावात राहणे कठीण असते. हा चित्रपट त्या हळवेपणाला धिक्कारीत नाही, पण त्याची किंमत विचारतो.

मर्यादा :

चित्रपटाच्या मर्यादांचीही नोंद घेणे आवश्यक आहे. यातील शेतकरी कुटुंब स्वतःच्या जमिनीवर राबणारे आहे. भूमिहीन मजूर, कर्ज, पडलेला भाव यांचे ताण येथे जवळजवळ नाहीत. मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ही अनुपस्थिती जाणवते. लाली न लाभलेल्या मुलींची कथा येते आणि सुंदर सूर्योदयात मिसळून जाते. नामावली चालू असताना ताएको गाडीतून उतरून गावाकडे परत फिरते. परंतु सून म्हणून तिच्या वाट्याला येणारे कष्ट दाखविण्याची वेळ येण्यापूर्वीच चित्रपट संपतो. मात्र, शहरी बुटांसाठी हट्ट धरणारी घरातील नाओको ही मुलगी दाखवून ताकाहाता यांनी खेड्यातील मनही शहराकडे लागलेले असते, हे प्रामाणिकपणे सूचित केले आहे.

पुढील क्रम :

या चित्रपटानंतर ‘माय नेबर तोतोरो’ पाहावा. त्यातील जुन्या कापूरवृक्षाला वडील आणि मुली नमस्कार करतात, तेव्हा शेंदूर लावलेला दगड व त्यावरील झाड रोज पाहणाऱ्या प्रेक्षकाला परकेपणा वाटत नाही. रात्रीत बियांना अंकुर फुटून वृक्ष होण्याचे दृश्य पाहताना, दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याचे रोप वाढताना एकेक चौकटीने टिपले होते, याचे स्मरण ठेवावे. त्यानंतर ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज’ घ्यावा. ताकाहाता यांचा हा चित्रपट ‘तोतोरो’सोबत १६ एप्रिल १९८८ या एकाच दिवशी प्रदर्शित झाला. युद्धकाळात दोन भावंडांची होणारी उपासमार १९७२ च्या दुष्काळाच्या कथा ऐकलेल्या घरांत वेगळ्या तीव्रतेने पोहोचेल. मग ‘स्पिरिटेड अवे’ पाहावा. त्यातील दुर्गंधीयुक्त पाहुण्याच्या अंगातून सायकल आणि कचरा ओढून काढल्यावर तो नदीचा देव असल्याचे कळते. कयाधूच्या काठावरील वाचकास हे रूपक उलगडून सांगावे लागणार नाही. अखेरीस ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) पाहावा, कारण अरण्य आणि लोखंड वितळविणारी वसाहत यांच्या संघर्षात कोणतीही एक बाजू निर्दोष नाही, ही त्याची गुंतागुंत सवयीच्या नजरेला अधिक स्पष्ट दिसते.

निष्कर्ष :

१. कोणत्याही मोठ्या कलापरंपरेत प्रवेश करताना कीर्ती किंवा सोपेपणा यांपेक्षा प्रेक्षकाचा स्वतःचा अनुभव हा अधिक विश्वासार्ह मार्गदर्शक होय.

२. ‘ओन्ली यस्टर्डे’ हा चित्रपट अ‍ॅनिमेशन म्हणजे बालरंजन हा समज दूर करतो आणि शेतीश्रमाला कलेचा विषय म्हणून प्रतिष्ठा देतो.

३. मराठवाड्यातील प्रेक्षक या चित्रपटाकडे शिकाऊ म्हणून न जाता जाणकार म्हणून जाऊ शकतो. काट्यांचे, दवाचे आणि पहाटेच्या घाईचे ज्ञान त्याच्यापाशी आधीच आहे.

४. महाविद्यालयांनी हा चित्रपट मराठी, समाजशास्त्र व कृषी या शाखांच्या विद्यार्थ्यांना एकत्रितपणे दाखवून त्यावर चर्चा घडवून आणावी. आजीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटातील ताएकोला दहा दिवसांत द्यावे लागले. आपल्या विद्यार्थ्यांना ते पदवी हातात पडल्यावर द्यावे लागते, आणि त्यापूर्वी त्यावर मोकळेपणाने बोलण्याची जागा त्यांना क्वचितच मिळते.