इलेक्ट्रॉनिक संगीताची चार पाठ्यसाधने : एक चिकित्सक वाचन



इलेक्ट्रॉनिक संगीत शिकण्याची सुरुवात आज बहुतेकजण व्हिडिओ पाहून करतात. कोणते बटण दाबायचे ते तिथे दिसते. ते दाबल्यावर आवाज नेमका तसाच का बदलला, हे समजून घ्यायला मात्र वाचावे लागते. या पाठात आपण अशी चार साधने तपासणार आहोत. चारही इंग्रजीत आहेत आणि नामवंत आहेत. आपला प्रश्न थोडा वेगळा आहे : ज्याचा कान तानपुऱ्यावर, तबल्यावर किंवा मृदंगमवर घडला आहे, त्याने ही पुस्तके कशी वाचावीत?

आरंभ गॉर्डन रीड यांच्या 'सिंथ सिक्रेट्स' या लेखमालेपासून करू. ब्रिटनच्या 'साउंड ऑन साउंड' मासिकात १९९९ ते २००४ या काळात तिचे ६३ भाग आले आणि आजही ते विनामूल्य वाचता येतात. रीड यांची पद्धत मला फार आवडते. ते आधी खरे वाद्य घेतात, त्याची तार, हवेचा स्तंभ किंवा चामडे कसे कंप पावते ते सांगतात आणि मगच सिंथेसायझरवर ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप कसे जुळवायचे याकडे वळतात. आकृत्या स्वच्छ आहेत, विनोदही आहे. फिल्टर म्हणजे काय हे ज्याला कळत नाही, त्याने आधी हेच वाचावे.

अडचण तालवाद्यांच्या भागांत येते. सर्वत्र सारख्या जाडीचा गोल पडदा वाजवला, तर त्याचे ओव्हरटोन मूळ वारंवारितेच्या पूर्ण पटींत येत नाहीत. ते सुमारे १.५९, २.१४, २.३० अशा पटींत येतात. म्हणून ढोलाचा आवाज भरदार असतो, पण त्यात नेमका सूर सापडत नाही. हे भौतिकशास्त्र बरोबर आहे. तुम्ही त्यानुसार तबल्याचा 'ना' बनवायला बसलात, तर दिवसभर खटपट करूनही तो तबला वाटणार नाही. चूक तुमच्या हाताची नसते. तबल्याच्या पुडीवर शाई असते, आणि ती मध्यभागी जाड व कडेकडे पातळ होत जाते. या भारामुळे पडद्याचे ओव्हरटोन जवळपास पूर्ण पटींत येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी एस. कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर' नियतकालिकात हे मांडले, आणि १९३४ च्या निबंधात पडद्याच्या कंपनाचे पहिले नऊ प्रकार मिळून पाच संवादी स्वर कसे तयार होतात ते दाखवले. मृदंगमलाही हेच लागू आहे.

म्हणजे रीड यांच्याकडून पद्धत घ्यावी, आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. तबल्यासाठी पूर्ण पटींतले चार-पाच स्वर घ्या, प्रत्येकाला विझण्याचा वेगळा वेळ द्या आणि बोटाच्या आघातासाठी सुरुवातीला गोंगाटाचा एक अगदी छोटा तुकडा जोडा. डग्ग्यासाठी आणखी एक गोष्ट. इलेक्ट्रॉनिक किक ड्रमच्या जवळजवळ प्रत्येक कृतीत सूर वरून खाली येतो. डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन सरकवले की तो खालून वर जातो. एन्व्हलप उलटा करावा लागतो, एवढेच. पण हे तुम्हाला कोणी सांगितलेले नसते.

दुसरे साधन म्हणजे मिलर पकेट यांचे 'द थिअरी अँड टेक्निक ऑफ इलेक्ट्रॉनिक म्युझिक' (२००७). पॅरिसच्या इरकाम या संस्थेत 'मॅक्स' आणि पुढे मोफत मिळणारे 'प्युअर डेटा', अशा दोन महत्त्वाच्या प्रणाली घडवणारा हा माणूस. पुस्तक इंटरनेटवर मोफत आहे आणि त्यातली उदाहरणे प्युअर डेटामध्ये चालवून पाहता येतात. विद्यार्थी त्याला घाबरतात, कारण पहिल्या प्रकरणापासून त्रिकोणमिती सुरू होते. ही भीती अगदीच खोटी नाही. पकेट कोरडे लिहितात. वाचकाचा हात धरत नाहीत. कला शाखेच्या विद्यार्थ्याने पहिल्या वाचनात काही सिद्धता सरळ ओलांडून पुढे जावे, त्यात कमीपणा नाही.

तरीही रागसंगीताच्या विद्यार्थ्याला या चारांपैकी सर्वांत जास्त मोकळीक याच पुस्तकात मिळते, असे माझे मत आहे. कारण पहिल्याच प्रकरणात आहे. मिडीच्या पट्टीवर मधला सा, म्हणजे पाश्चात्त्य सी, हा क्रमांक ६० आणि ४४० हर्ट्झचा ए हा क्रमांक ६९. क्रमांकावरून वारंवारिता काढण्याचे सूत्र देताना पकेट बजावतात की हा क्रमांक पूर्णांकच असला पाहिजे असे नाही. तो अपूर्णांक चालतो, ऋणसुद्धा चालतो. संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण ज्या चौकटींच्या जाळीवर सूर मांडतो, तिथे साठ आणि एकसष्टच्या मध्ये जागाच नसते. पकेट यांच्या सूत्रात ती आहे.

याचा उपयोग काय, ते पाहा. सा २६१.६३ हर्ट्झचा धरा. कीबोर्डवरचा शुद्ध गांधार ३२९.६३ हर्ट्झचा येतो. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार मात्र सा च्या पाचपटीवर, म्हणजे १३०८.१ हर्ट्झवर असतो. कीबोर्डच्या गांधाराचा चौथा संवादी स्वर १३१८.५ वर पडतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे दहा विस्पंद होतात, आणि गुरुजींनी कपाळाला आठ्या घालाव्यात असा आवाज निघतो. प्युअर डेटामध्ये ६४ ऐवजी ६३.८६ लिहा, विस्पंद जवळजवळ थांबतात. एका आकड्याचा बदल, पण तो करता येतो हे माहीत असायला हवे. ज्याला ते माहीत नसते तो आपला कान चुकीचा आणि सॉफ्टवेअर बरोबर असे मानू लागतो. असे मानणारे हुशार गाणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

मींडेच्या बाबतीत पकेटसुद्धा पुरे पडत नाहीत. एका आकड्यावरून दुसऱ्यावर सरळ रेषेत सरकणे ते शिकवतात. मींड कुठे रेंगाळते, कुठे घाई करते, हा तिचा आकार तुम्हालाच तुकड्या-तुकड्यांनी आखावा लागतो. इथे एक जुने उदाहरण ऐका. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. वाद्ये रोलँड कंपनीची : टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८. आपल्या चारांपैकी एकही साधन तेव्हा लिहिलेले नव्हते. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे, पण घसरण्याचा वेळ बदलण्याचे बटण नाही. ती तबकडी ऐकताना या घसरणीकडे कान द्या. मींडेची आठवण होते आणि ती मींड नाही हेही कळते. ही त्रुटी तिथे इतकी उघड आणि इतकी आनंदी आहे की तिचीच शैली झाली.

कर्टिस रोड्स यांचे 'द कंप्युटर म्युझिक ट्युटोरियल' (१९९६, दुसरी आवृत्ती २०२३) हा बाराशेहून अधिक पानांचा ग्रंथ आहे. तो विकत घेऊ नका, ग्रंथालयात पाहा, आणि पहिल्या पानापासून वाचण्याचा संकल्प तर मुळीच करू नका. तो कोश आहे. अडेल तेव्हा उघडायचा. ग्रॅन्युलर संश्लेषणाचा भाग, म्हणजे आवाजाचे सूक्ष्म कण करून त्यांतून नवा आवाज रचणे, तेवढा सलग वाचा. हे तंत्र संगणकावर आणणाऱ्या पहिल्या लोकांत रोड्स स्वतः होते, आणि ते लिहिण्यात जाणवते. पहिल्या आवृत्तीतली यंत्रांची वर्णने आता इतिहासात जमा झाली आहेत.

चौथे पुस्तक वेगळ्याच दुखण्यावर आहे. डेनिस डिसँटिस यांच्या 'मेकिंग म्युझिक'मध्ये (२०१५) ७४ छोटी प्रकरणे आहेत आणि त्यांचे भाग तीन : सुरू करण्याच्या अडचणी, पुढे नेण्याच्या आणि संपवण्याच्या. ते एका सॉफ्टवेअर कंपनीने प्रकाशित केले असले, तरी त्यात त्या सॉफ्टवेअरची जाहिरात फारशी नाही. उदाहरणे बहुतेक नृत्यसंगीताची असल्याने दर आठ मात्रांनी काहीतरी बदलले पाहिजे, अशी घाई पानापानांतून जाणवते. विलंबित ऐकणाऱ्याला ती खटकेल. पण एक सल्ला तिथला जरूर घ्या : आवडलेली रचना ऐकत तिच्यात जे जे ऐकू येते ते कागदावर उतरवायचे. आवाजाचा पोत, लय, सूर, रचना, सगळे. सिंग यांच्या तबकडीवर हे करून पाहा. एक बाजू, एक वही आणि शेजारी सुरू ठेवलेला तानपुरा. पहिल्या फेरीत तुमच्या वहीत बहुधा ८०८ चे ठोकेच भरतील. घसरणारे सूर दुसऱ्या फेरीत ऐकू येऊ लागतात.