लघुतैलचित्राचे स्वायत्त स्थान

चित्रकलेच्या इतिहासग्रंथांत लहान आकाराच्या तैलचित्राचा उल्लेख बहुधा एखाद्या मोठ्या चित्राच्या अनुषंगाने येतो. अमुक भव्य कृतीसाठी चित्रकाराने काही टिपणे केली होती, एवढे नमूद करून इतिहासकार पुढे सरकतो. आणि टिपण हे साधन व मोठे चित्र हे साध्य, ही श्रेणी वाचकाच्या मनात नकळत दृढ होते. साहित्यविचारात याच स्वरूपाचा प्रश्न फार पूर्वी उपस्थित झालेला आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त अमरूच्या मुक्तकांचा निर्देश करून, एकेकटा सुटा श्लोकही रसदृष्ट्या प्रबंधाच्या योग्यतेस पोहोचू शकतो, हे मान्य केले. चित्रविचारात विस्ताराचा असा मोह सुटावयास बराच अधिक काळ लागला. लघुतैलचित्राला मुक्तकाचे स्थान देता येईल काय, आणि येत असल्यास कोणत्या कारणाने, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. मोगल किंवा राजपूत शैलीतील लघुचित्रे येथे अभिप्रेत नाहीत. तेथे लहानपणा हा सूक्ष्मतेचा सहचर असतो. बारीक कुंचला, एकावर एक चढविलेले पातळ थर आणि दीर्घ परिश्रम यांतून ते चित्र सिद्ध होते. लघुतैलचित्राची प्रकृती याच्या नेमकी उलट आहे. त्यात फलक लहान असतो, परंतु कुंचला लहान असतोच असे नाही. तपशील वाढविण्यापेक्षा तो गाळण्याकडे, आणि रेखाटनापेक्षा रंगाच्या मूल्यांकडे त्याचा कल असतो.

या प्रकृतीचे मूळ माध्यमाच्या गुणधर्मात आहे. जवसाच्या तेलात घोटलेला रंग पाण्याच्या रंगाप्रमाणे बाष्पीभवनाने वाळत नाही. हवेतील प्राणवायूशी संयोग पावून तो सावकाश घट्ट होतो आणि पुष्कळदा दिवसेंदिवस ओला राहतो. मोठ्या चित्रात या संथपणाची अडचण होते. एक भाग वाळेपर्यंत थांबावे लागते, थरांचा क्रम सांभाळावा लागतो, आणि आज लावलेल्या रंगाचा मेळ मागील आठवड्यात लावलेल्या रंगाशी घालावा लागतो. वीतभर फलकावर मात्र तोच संथपणा उपकारक ठरतो. पहिला फटकारा ओला असतानाच शेवटचा फटकारा पडतो. त्यामुळे आकाशाचा रंग जमिनीच्या रंगात मिसळता येतो, चुकलेला भाग कापडाने पुसून टाकता येतो, आणि संपूर्ण पृष्ठभाग एकाच अवस्थेत, एकाच दृष्टीच्या ताब्यात राहतो. नाट्यशास्त्रातील कालैक्याची कल्पना चित्राला लावावयाची झाल्यास ती येथे शब्दशः लागू पडते.

या शक्यतेचा पद्धतशीर उपयोग अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत होऊ लागला. फ्रेंच चित्रकार प्येर-आंरी द वालांसिएन याने रोमच्या परिसरात कागदावर तैलरंगांत आकाश, छपरे व टेकड्या यांचे अभ्यास केले. पुढे १८०० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या यथादर्शनविषयक ग्रंथात त्याने असा दंडक घातला की, निसर्गासमोर केलेल्या अभ्यासाला दोन तासांहून अधिक वेळ देऊ नये, आणि सूर्योदय वा सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासाहून अधिक नाही; कारण तेवढ्या अवधीनंतर प्रकाश पालटतो आणि चित्रकार दोन भिन्न दृश्ये एकाच फलकावर रंगवू लागतो. मात्र वालांसिएनच्या दृष्टीने हे अभ्यास म्हणजे डोळ्याचे शिक्षण होते. लोकांपुढे मांडावयाचे चित्र कार्यशाळेत, पुराणकथेच्या आधाराने, सावकाश घडवावयाचे असे.

त्याच काळात वेल्समधील चित्रकार टॉमस जोन्स इटलीत होता. १७८२ च्या सुमारास त्याने नेपल्समधील एका भिंतीचे कागदावर केलेले तैलचित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याचा आकार अवघा ११.४ × १६ सेंमी., म्हणजे टपालाच्या कार्डाहून किंचित मोठा. चित्रात जवळजवळ काहीच नाही: गिलावा उडालेली भिंत, एक लहानसा सज्जा, त्यावर वाळत घातलेले कपडे, खालच्या बाजूस पाण्याचे ओघळ, आणि वरती निळ्या आकाशाची पट्टी. न कथा, न प्रसिद्ध स्थळ, न मनुष्याकृती. जोन्स हा रिचर्ड विल्सनचा शिष्य. प्रतिष्ठित पद्धतीची मोठी निसर्गदृश्येही त्याने रंगविली. परंतु ही लहान चित्रे कुटुंबीयांकडेच राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास ती प्रकाशात आल्यावर त्याची कीर्ती मुख्यत्वे त्यांवरच उभी राहिली. मोठ्या चित्रासाठी ज्या भिंतीला विषयाची योग्यता लाभली नसती, तिला लहान चित्रात ती लाभली. ही गोष्ट आकस्मिक नव्हे. मोठ्या फलकाला त्याच्या खर्चाचे, श्रमाचे व जागेचे समर्थन म्हणून थोर विषय लागतो. लहान फलक या ऋणातून मुक्त असतो.

जॉन कॉन्स्टेबलच्या मेघाभ्यासांत हे स्वातंत्र्य ज्ञानाचे साधन बनते. १८२१ व १८२२ या वर्षी लंडनजवळील हॅम्पस्टेड येथे त्याने तैलरंगांत आकाशाचे अनेक अभ्यास केले आणि कित्येकांच्या मागील बाजूस दिनांक, वेळ व वाऱ्याची दिशा नोंदविली. येथे चित्र हे निरीक्षणाचे टाचण आहे; तथापि त्या टाचणात ढगाचा वेग कुंचल्याच्या वेगातून प्रकट होतो. या चित्रकाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. सहा फुटी चित्रे करताना लहान टिपणावरून थेट मोठ्या चित्राकडे न जाता तो मध्ये त्याच आकाराचे एक पूर्ण तैलटिपण करीत असे. १८२१ च्या ‘हे वेन’ या चित्रासाठी केलेले असे टिपण उपलब्ध आहे. लहान चित्र मोठे करणे हे केवळ मापाचे काम असते, तर या खटाटोपाची आवश्यकता पडली नसती.

या सर्व उदाहरणांत लहान चित्र खाजगीच राहिले. ते उघडपणे लोकांपुढे ठेवून त्याच्या पूर्णत्वाचा दावा करण्याचा एक धीट प्रसंग १८८९ मध्ये मेलबर्न येथे घडला. टॉम रॉबर्ट्‌स, आर्थर स्ट्रीटन, चार्ल्स काँडर व त्यांचे सहकारी यांनी १७ ऑगस्ट रोजी ‘नऊ बाय पाच’ या नावाने आपल्या चित्रांचे प्रदर्शन उघडले. सूचीत १८३ कृती होत्या, आणि त्यांतील बहुतेक नऊ इंच लांब व पाच इंच रुंद अशा, सिगारच्या पेट्यांच्या झाकणांवर रंगविलेल्या होत्या. प्रकाशाचा परिणाम क्षणिक असून एक अर्धा तास दुसऱ्यासारखा नसतो, अशी आपल्या पद्धतीची मीमांसा त्यांनी सूचीतच मांडली. वालांसिएनने अभ्यासाला घातलेली अर्ध्या तासाची मर्यादा येथे चित्राचा आशय होऊन बसली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

‘आर्गस’ पत्राचे समीक्षक जेम्स स्मिथ यांनी या प्रदर्शनावर कठोर टीका केली. चित्रकारांनी ती टीका प्रदर्शनाच्या दाराशीच लावून ठेवली. आज स्मिथ यांच्याकडे उपहासाने पाहण्याची प्रथा आहे. परंतु त्यांच्यासारख्यांच्या आक्षेपामागील भूमिका सर्वस्वी टाकाऊ नाही. टिपणात चित्रकाराचा उत्साह दिसतो, पण अवघड प्रश्न टाळलेले असतात. आकृतींचे परस्परसंबंध, रचनेचा तोल, रंगाची परिणती यांची कसोटी विस्तारातच लागते. आणि वेगाला गुण मानले की आळसालाही आश्रय मिळतो, असा तो पक्ष आहे. मेलबर्नच्या झाकणांतील काही याच कसोटीवर उणी पडतात, हे मान्य केले पाहिजे. तेव्हा लहानपणा हा स्वतःच गुण आहे, असे म्हणून या आक्षेपाचे निरसन होत नाही. त्यासाठी आकार व फटकारा यांचा संबंध तपासावा लागतो.

पाच इंच उंचीच्या फलकावर अर्ध्या इंचाचा एक फटकारा उंचीचा दहावा भाग व्यापतो. तो एकाच वेळी रंग असतो, आकृती असतो आणि रचनेचा घटकही असतो. एका हालचालीत नाव उभी राहते किंवा मनुष्य चालू लागतो. तोच फटकारा पाच फुटी चित्रात उंचीचा एकशेविसावा भाग होतो. तेथे तो नाव होऊ शकत नाही, नावेच्या शिडावरील एक चट्टा होतो. उलट फटकाराच बारा पट मोठा केला, तर मनगटाचे काम खांद्याकडे जाते आणि हालचालीचा स्वभावच बदलतो. तात्पर्य, लहान तैलचित्र जसेच्या तसे मोठे करता येत नाही. श्लोकाचे जसे केवळ विस्ताराने महाकाव्य होत नाही, तसेच हे आहे.

झॉर्झ सरा याची साधना या निष्कर्षास पुष्टी देते. ‘ला ग्रांद जात’ बेटावरील रविवारचे चित्र १८८६ मध्ये प्रदर्शित झाले. त्याची उंची दोन मीटरांहून व लांबी तीन मीटरांहून अधिक आहे. त्याच्या तयारीसाठी सराने सुमारे १६ × २५ सेंमी.च्या अनेक लाकडी फळ्या रंगविल्या. म्हणजे अंतिम चित्राचे क्षेत्रफळ एका फळीच्या सुमारे १६० पट आहे. फळ्यांवरील फटकारे मोकळे असून मध्येमध्ये लाकडाचा उबदार तपकिरी रंग उघडा राहिला आहे आणि तो चित्रात मध्यम छटेचे काम करतो. अंतिम चित्रासाठी सराला बिंदूंची निराळीच पद्धत घडवावी लागली. मोठे चित्र फळ्यांतून निघाले हे खरे. पण त्यासाठी फळ्यांची भाषा त्याला सोडून द्यावी लागली. कॅनडाच्या टॉम टॉमसनच्या ‘जॅक पाइन’ या चित्राचेही तसेच आहे. १९१६ मधील टिपण २१ × २६.७ सेंमी.चे, आडवे, १९१६-१७ च्या हिवाळ्यात केलेले मोठे चित्र १२७.९ × १३९.८ सेंमी.चे, जवळजवळ चौरस. फलकाचे प्रमाणच बदलले, तेथे रचना तीच राहणे शक्य नव्हते.

लघुतैलचित्राच्या आनंदाची व प्रयोगशीलतेची उपपत्ती यातूनच लागते. फळी स्वस्त असल्याने तिच्यावरील अपयश महाग पडत नाही; आणि अपयशाची भीती सुटली की हात धीट होतो. अस्तर न देता लाकडाला तेल शोषू देणे, उघड्या लाकडाचाच छटा म्हणून उपयोग करणे, फलकाच्या आकाराशीच खेळणे, हे प्रयोग येथे सहज संभवतात. १८६६ मध्ये जोव्हान्नी फात्तोरी याने सागरस्नानगृहाच्या छताखाली बसलेल्या स्त्रिया अवघ्या १२ × ३५ सेंमी.च्या लांबट फळीवर रंगविल्या. समुद्र, छत व सावली यांचे आडवे पट्टे त्या फळीच्या आकारातूनच उद्भवल्यासारखे वाटतात. हे चित्र घाईचे नाही, अपुरे तर नाहीच. लहानपणा म्हणजे वेग, हे समीकरणही त्यामुळे खोटे ठरते.

सारांश, लघुतैलचित्राचे पूर्णत्व ठरविण्याची कसोटी त्याच्या मापात नाही, तसेच त्याला लागलेल्या वेळातही नाही. जे चित्र मोठे केल्याने काही मिळवील ते टिपण होय, मग ते कितीही मोहक असो; जे मोठे केल्याने आपले सत्त्व गमावील ते चित्र होय, मग ते सिगारच्या पेटीच्या झाकणावर का असेना. जोन्सची भिंत या कसोटीस उतरते. ती दहा फुटी केली, तर उरेल ती केवळ एक भिंत.