झाकलं म्हणजे पुसलं नव्हे

तत्त्वज्ञानाचा माणूस डॉकरवर काय बोलणार, असा प्रश्न तुमच्यापैकी मिहानमधल्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना पडला असेल. मला त्या तंत्रातल्या एकाच क्रियापदाची चिकित्सा करायची आहे: ‘काढून टाकणे’.

विषय नवा असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. कंटेनर इमेज म्हणजे एखादं ॲप्लिकेशन आणि ते चालायला लागणाऱ्या सगळ्या फाइली यांचं बांधलेलं गाठोडं. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि हे गाठोडं थराथरांनी बांधायची पद्धत रूढ झाली. तळाला लिनक्सच्या मूळ फाइली, त्यावर लायब्रऱ्या, सर्वांत वर आपला कोड. डॉकरफाइलमधली फाइली बदलणारी प्रत्येक सूचना एक थर तयार करते. तयार झालेला थर पुन्हा बदलत नाही. त्याची ओळखच त्याच्या मजकुरावरून काढलेल्या हॅशने ठरते. फक्त वरचा कोड बदलला तर खालचे थर पुन्हा बांधावे लागत नाहीत. दहा ॲप्लिकेशनं एकाच पायावर उभी असली तरी पाया डिस्कवर एकदाच राहतो. ही काटकसर खरी आहे, तिचं कौतुक केलंच पाहिजे.

आता गोम पाहा. तिसऱ्या सूचनेत तुम्ही डेटाबेसच्या पासवर्डची फाइल आत घेतली, चौथीत वापरली, पाचवीत काढून टाकली. कंटेनर चालवून पाहिला, फाइल दिसत नाही. तुम्ही निश्चिंत! पण तयार थर बदलत नाही, हे आत्ताच म्हटलं ना? मग पाचव्या थरात झालं काय? तिथे फक्त एक खुणेची फाइल ठेवली गेली. तिला व्हाइटआउट म्हणतात. ‘या नावाची फाइल खाली असली तरी दाखवू नका’, एवढाच तिचा अर्थ. ती इमेज ज्याच्या हाती पडेल, तो तिसरा थर वेगळा उघडून पासवर्ड वाचू शकतो. गाठोड्याचं वजनही त्यामुळे कमी होत नाही.

आपले नैयायिक इथे लगेच अडवतील. ‘जमिनीवर घडा नाही’ असं म्हटलं, तर घडा हा त्या अभावाचा प्रतियोगी आणि जमीन हे अधिकरण. कशाचा अभाव आणि कुठे, ही दोन्ही उत्तरं हवीत. पासवर्ड नाही, पण कुठे नाही? चालत्या कंटेनरला जे दिसतं, त्यात नाही. इमेजमध्ये तो जसाच्या तसा आहे. घडा फुटल्यावर जो अभाव येतो तो प्रध्वंसाभाव. इथे सूचनेची भाषा प्रध्वंसाची आहे आणि काम मात्र पडदा टाकण्याचं. माझा आक्षेप नेमका या विसंगतीला आहे.

वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जुने थर २०२२ मध्ये काढले, तेव्हा आतलं मूळ रूप दिसलं. थरांनी ते झाकलं होतं, नाहीसं केलं नव्हतं. तिथे ते भाग्याचं ठरलं. पासवर्डच्या बाबतीत तोच गुण घातक ठरतो.

हा नुसता शब्दच्छल नाही. जर्मनीतल्या आखेनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ३ लाखांहून अधिक इमेजेस तपासल्या. त्यांतल्या ८.५ टक्के इमेजेसमध्ये गुप्त किल्ल्या किंवा तत्सम माहिती सापडली. सगळ्याच अशा पुसल्याच्या भ्रमाने राहिल्या, असं मी म्हणत नाही. पण हा भ्रम त्याला हातभार लावतो.

कुणी म्हणेल, हा प्रोग्रामरचा निष्काळजीपणा. मला हे अर्धंच पटतं. उपाय आहेत, हे खरं. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने इमेज बांधता येते: एका टप्प्यात बांधकाम करायचं आणि तयार वस्तू तेवढी दुसऱ्यात न्यायची. लग्नघरी भटारखान्यातली चूल कुणी पंगतीत आणून ठेवत नाही, तसं. गुप्त फाइल कोणत्याही थरात न उतरवता तेवढ्यापुरती वापरायला देण्याची सोयही नंतर आली. पण हे उपाय ज्याला ठाऊक त्यालाच. नवशिक्याला ‘काढून टाकलं’ एवढंच कळतं, आणि त्याची चूक भोवते ती ज्यांची माहिती त्या डेटाबेसमध्ये आहे त्यांना.

आणि इमेज एकदा बाहेर गेली असेल तर नवी बांधून भागत नाही, बरं का. जुनी कुणाकुणाकडे पोचली, हे कोण सांगणार? तिथे पासवर्डच बदलायला हवा. तेव्हा यंत्राने ‘नाही’ म्हटलं की लगेच विचारा: कुठे नाही?