फुल्यांच्या नावाची मंडई

मागच्या वेळी शनिवारवाड्यापुढच्या पटांगणाविषयी बोलताना आपण एका वाक्यावर थांबलो होतो. पुण्याचा भाजीबाजार तिथे उघड्यावर भरायचा आणि तिथून तो शुक्रवार पेठेत, नव्या दगडी इमारतीत गेला. आज त्या इमारतीकडे जाऊया. म्हणजे खरं तर तिच्याविषयी जे सांगितलं जातं, त्याच्याकडे.

सांगितलं काय जातं? १८८६ साली रे मार्केट सुरू झालं, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याच्यापासून फुटलेल्या लांबलचक पाख्या, गॉथिक कमानी, खाली ओळीने गाळे. मग समोर लोकमान्यांचा पुतळा, मंडईचा गणपती, आणि शेवटी हमखास तो ‘मंडई विद्यापीठा’चा विनोद. लोक हसतात, फोटो काढतात, पुढे जातात. आम्ही स्वतः कितीतरी मंडळींना असंच फिरवलंय, त्यामुळे ही टीका आधी आमच्यावरच आहे.

यात गाळलं काय जातं? जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईवर लाखांच्या घरातला खर्च करायचं घाटत होतं तेव्हा त्यांनी विरोध केला. आधी गोरगरिबांच्या शिक्षणाचं बघा, असं त्यांचं म्हणणं. ते हरले, मंडई उभी राहिली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला नाव मिळालं महात्मा फुले मंडई! ज्या इमारतीला त्यांनी नको म्हटलं, तीच त्यांच्या नावाची.

आता हा किस्सा अगदीच अज्ञात आहे असं नाही. पण तो सांगितला जातो गंमत म्हणून, ‘बघा, काळाचा न्याय’ अशा सुरात. आमचा आक्षेप तिथे आहे. गंमत केली की वाद संपतो, आणि हा वाद संपलेला नाही.

एक तर फुले बाहेरून बोलत नव्हते. फुलं आणि भाजीपाला हा त्यांच्या घरचाच धंदा. ते स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत. दगड-चुन्याला पैसा किती लागतो हे सभागृहातल्या पुष्कळांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असणार. आणि मंडईची इमारत होण्याच्याच काळात, १८८३ साली, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केलं. त्यात शहरात भाजीपाला घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याचं वर्णन आहे. नाक्यावर म्युनिसिपालिटीची जकात, आत दलाल, आणि दिवस मावळताना हाती काय? तर गाडीभाडंही पदरचं. ते पान मंडईच्या पायऱ्यांवर बसून वाचून बघा. म्हणजे कळतं, की त्यांचा प्रश्न फक्त ‘मंडई की शाळा’ एवढा नव्हता. माल ज्याचा आणि जकात ज्याच्याकडून, त्याला या खर्चातून काय मिळणार, हा होता.

इथे आम्हाला थोडं फुल्यांच्या विरुद्धही बोललं पाहिजे. नुसतं भक्तिभावाने सांगायचं तर मग आमच्यात आणि त्या किस्सेवाल्यांत फरक काय? पावसाळ्यात उघड्या पटांगणावर बसून भाजी विकणं म्हणजे चिखल, कुजका माल, रोगराई. डोक्यावर छप्पर, बसायला ओटा, ही विकणाऱ्या बाईची चैन नव्हे. गेली सव्वाशेहून अधिक वर्षं किती घरं त्या गाळ्यांवर चालली! तेव्हा मंडई बांधली हेच चुकलं, असं आम्ही म्हणणार नाही. पण छप्पर लागतं म्हणून एवढा मनोरा लागतो का, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता.

जाता जाता मुंबईचं उदाहरण. क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं, आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरच्या नावाचं. आज त्याचंही अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. त्याच्या दारावर लॉकवुड किपलिंगची शिल्पं आहेत, शेतात राबणाऱ्या माणसांची. सुरेख आहेत, वादच नाही. शेतकरी दगडात दारावर बसवला, की जिवंत शेतकऱ्याला आत किती भाव मिळाला हे विचारायचं राहूनच जातं.

पुण्यात पुढे घाऊक बाजार गुलटेकडीला गेला. शेतकऱ्याची गाडी मंडईच्या दारातून हलली, किरकोळ विक्री राहिली. आता तर जमिनीखालून मेट्रोही आली. सुधारणेच्या प्रत्येक चर्चेत इमारत कशी जपायची यावर तासभर बोललं जातं; गाळ्याबाहेर पाटी मांडून बसणाऱ्या आजी कुठे जाणार, हे सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

म्हणून आमची मागणी अगदी साधी. मंडईचा इतिहास सांगताना आधी तो विरोध सांगा, मनोरा नंतर. दर्शनी भागात पाटी लावायची असेल तर तिच्यावर ज्यांचं नाव दिलंय, त्यांनी या खर्चाला का नकार दिला होता हेही मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा.

आता प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतल्या ताई, थांबा जरा, माईक येतोय तुमच्याकडे.