‘घाशीराम कोतवाल’चा वाद आणि संगीत नाटकातील गाणे

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ ह्या नाटकाचा पहिला प्रयोग प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबविले. त्यातून बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली व जानेवारी १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० मध्ये हे नाटक युरोपात जाण्याच्या वेळी विरोध पुन्हा उफाळून आला. ह्या साऱ्या काळात वादाचा मुख्य विषय एकच राहिला. तो म्हणजे नाना फडणवीसांचे चित्रण इतिहासाला धरून आहे की नाही.

ह्या प्रश्नाचा निकाल लावणे कठीण नाही. घाशीराम सावळदास हा कनोजी ब्राह्मण पेशवाईत पुण्याचा कोतवाल होता, त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि १७९१ मध्ये क्षुब्ध जमावाने त्याला ठार केले, एवढे इतिहासात आहे. कोतवालीच्या मोबदल्यात त्याने आपली मुलगी नानांना दिली, हा नाटकाचा कणा मात्र कल्पित आहे. हे नाटक ऐतिहासिक नव्हे, असे तेंडुलकरांनीही सांगितले होते. तथापि ह्या खुलाशाने विरोध शमला नाही. ज्या आक्षेपाचे उत्तर लेखकाने आधीच देऊन ठेवले आहे तो आक्षेप वर्षानुवर्षे तसाच टिकतो, तेव्हा दुखावण्याचे खरे कारण दुसरीकडे शोधावे लागते. प्रस्तुत लेखाच्या मते ते कारण नाटकाच्या संगीतात आहे.

मराठी संगीत नाटकाला दुःखद सामाजिक विषय नवे नव्हते. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने कोवळी मुलगी जरठाला देऊ पाहणारा बाप हा त्याचा विषय होता, आणि ही चाल तेव्हाच्या प्रेक्षकांच्या घराघरांत होती. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने १९१९ मध्ये मद्यपानाने उद्ध्वस्त होणारा संसार दाखविला. दोन्ही नाटकांनी समाजाच्या वर्मावर बोट ठेवले, तरीही ती प्रेक्षकांना प्रिय झाली. ह्याचे श्रेय केवळ लेखकांच्या संयमाला देऊन भागत नाही. ह्या नाटकांत गाणे कोणाच्या वाट्याला आले आहे, हे पाहिले पाहिजे. शारदा आपली भीती गाऊन सांगते. सिंधू आपले सोसणे गाते, आणि बालगंधर्वांच्या कंठातून आलेले ते सोसणे रसिकांच्या चिरंतन आनंदाचा ठेवा बनले. जिच्यावर अन्याय होतो तिचेच गाणे ऐकत असल्यामुळे प्रेक्षक आपोआप तिच्या बाजूला बसतो. कांचनभट आणि भुजंगनाथ त्याला परके वाटतात. आपणही त्यांच्यातलेच आहोत, ही शंका त्याला शिवत नाही.

‘घाशीराम’मध्ये ही व्यवस्था नेमकी उलटली आहे. येथे ज्या मुलीचा सौदा होतो त्या गौरीच्या वाट्याला फार थोडे शब्द आले आहेत. गाणे आहे ते बारा ब्राह्मणांच्या समूहाकडे. हा समूहच कधी भिंत होतो, कधी पडदा, तर कधी रस्त्यावरचा जमाव. कोकणातील खेळे, तमाशा, दशावतार, कीर्तन ह्यांच्या खुणा ज्यात सहज ओळखू येतात अशा चालींवर तो डोलतो. कीर्तनाचे निमित्त सांगून बावनखणीकडे निघालेले पुरुष आणि त्यांच्या तोंडी ईश्वराचे नाव, हा विरोध संवादातून सांगितला असता तर ते नेहमीचे विडंबन ठरले असते. सुरातून आल्याने त्याचा परिणाम वेगळा होतो. देवळात ज्या नामघोषावर टाळी धरण्याची सवय आहे त्याच नामघोषावर प्रेक्षकाचा पाय ठेका धरतो, आणि आपण कशाला ठेका दिला हे त्याच्या ध्यानात नंतर येते. घाशीरामाच्या वधानंतर नाना उत्सवाची आज्ञा देतो आणि समूह पुन्हा नाचगाण्यात दंग होतो, तेव्हा प्रेक्षागृहही त्या उत्सवात ओढले जाते.

नाटकाने वर्मी घाव घातला तो ह्या ठिकाणी. घाव सुरातून आला आणि त्याचे उत्तर मात्र बखरींच्या भाषेत मागितले गेले. नाटकाच्या समर्थकांनी ‘हे केवळ सत्तेचे रूपक आहे’ असे म्हणून बचाव केला, तोही अपुराच होता. रूपकाला कोणतेही गाव आणि कोणतीही चाल पुरली असती. हे नाटक मात्र पुण्याच्या गल्ल्यांवाचून आणि कीर्तनाच्या ठेक्यावाचून उभेच राहू शकत नाही. विशिष्ट समाजाचे पवित्र संगीत हाती घ्यायचे आणि त्या समाजाशी आपला काही संबंध नाही असे म्हणायचे, ह्यात विसंगती आहे.

आक्षेप घेणाऱ्यांचे एक म्हणणे म्हणूनच गंभीरपणे तपासले पाहिजे. समूह सर्वस्वी एका जातीचा असल्याने दोष सत्तेचा की जातीचा, हा प्रश्न नाटक मोकळा सोडते. घाशीराम स्वतः ब्राह्मणच आहे, पुण्यात तो परका म्हणून अपमानित होतो आणि त्याच्या जुलमाचे बळीही ब्राह्मणच आहेत, हे लक्षात घेतल्यास जातीवरच्या आरोपाची धार बरीच कमी होते. पण ती पूर्णपणे जात नाही.

ह्याहून मोठी उणीव गौरीच्या बाबतीत आहे आणि वादात तिची चर्चा अगदीच थोडी झाली. नानांच्या अब्रूसाठी पुष्कळ शाई खर्च झाली. जिच्या देहावर सारा व्यवहार उभा आहे त्या मुलीला आवाज का नाही, हे विचारणारे विरळा. तिच्या मौनाचे समर्थन करता येईल. ज्या जगात सगळे गातात त्या जगात तिचे ऐकणारे कोणी नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो. परंतु शारदेला १८९९ मध्ये जे मिळाले ते गौरीला १९७२ मध्ये मिळाले नाही, ही वस्तुस्थिती त्या अर्थाने पुसली जात नाही.

समाजाला दुखविणारे विषय संगीत नाटकाने हाताळावेत की नाही, हा प्रश्न मराठी रंगभूमीपुरता ‘शारदे’नेच निकालात काढला होता. उरतो तो प्रश्न गाणे कोणाला द्यावयाचे हा. पीडितेला दिले तर करुणा जागी होते आणि प्रेक्षक निर्दोष राहतो. पीडकांच्या समूहाला दिले तर प्रेक्षक आरोपीच्या पंक्तीला बसतो, पण पीडिता मुकी होण्याचा धोका असतो. ‘घाशीराम’ने दुसरा मार्ग धैर्याने पत्करला. त्याचे मोल आणि त्याची किंमत ह्या दोहोंची नोंद एकाच वेळी घेतली, तरच ह्या वादाचे मूल्यमापन पूर्ण होईल.