पुनरुक्ती आणि अभ्यास : पिएर आदो यांचे मार्कस ऑरेलियस-वाचन

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान ही मुळात जगण्याची रीत होती, हे पिएर आदो (१९२२–२०१०) यांचे प्रतिपादन आता इतके परिचित झाले आहे, की त्याचा उगम एका वाङ्मयीन अडचणीत आहे याचा विसर पडतो. प्राचीन तत्त्वज्ञांच्या संहिता विस्कळीत, प्रसंगी विसंगत का वाटतात, हा आदो यांचा आरंभीचा प्रश्न. १९८१ च्या निबंधसंग्रहात त्यांनी मांडलेले उत्तर असे, की या संहितांचा हेतू माहिती देण्याचा नव्हे, तर माणूस घडवण्याचा होता.

या उत्तराची खरी कसोटी लागते ती मार्कस ऑरेलियसच्या टिपणांवर. रोमच्या या सम्राटाने (कारकीर्द इ. स. १६१–१८०) ती ग्रीकमध्ये लिहिली, बारा भागांत तेच ते विचार परततात. राजवस्त्र म्हणजे शिंपल्यातील जिवाच्या रक्तात भिजवलेली मेंढीची लोकर, उंची मद्य म्हणजे द्राक्षांचा रस, असे तो स्वतःला बजावतो. टिपणांना रोजनिशी मानणाऱ्यांना येथे विषण्ण, जीवनाला विटलेला सम्राट दिसला. १९९२ च्या ग्रंथात आदो यांनी दाखवले, की हा विषाद नव्हे. वस्तूवर आपण लादलेले मूल्य बाजूला सारून ती केवळ वस्तू म्हणून पाहण्याचा, एपिक्टेटसच्या शिकवणुकीतून आलेला तो पाठ आहे. पाठ म्हटला की पुनरुक्ती दोष राहत नाही.

मात्र आदो यांची ‘आध्यात्मिक व्यायाम’ ही संज्ञा इग्नेशियस लोयोलाचे स्मरण करून देते, आणि मराठीत तिला ‘साधना’ म्हटले तर मोक्षाचा संदर्भ आपोआप चिकटतो. मूळ ग्रीक ‘आस्केसिस’ हा शब्द मल्लांच्या सरावालाही लागू होता. त्याला मराठी ‘अभ्यास’ अधिक जवळचा : अध्ययन आणि आवर्तन हे दोन्ही अर्थ तो आजही सांभाळतो.

जॉन कूपर यांनी २०१२ मध्ये घेतलेला आक्षेप नेमका अध्ययनाच्या बाजूने येतो. त्यांच्या मते ग्रीकांची जगण्याची रीत म्हणजे तर्काने जगणे. व्यायाम हा तिचा गाभा नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. राजवस्त्राला लोकर म्हणणे मनाची निव्वळ युक्ती ठरू नये, यासाठी मूल्य हे वस्तूत नसून आपल्या निर्णयात असते, हे आधी सिद्ध व्हावे लागते. ते सिद्ध करण्याचे काम ख्रिसिपसचे होते. डायोजिनीझ लाएर्टिअस त्याच्या नावावर सातशेहून अधिक ग्रंथ नोंदवतो. त्यांपैकी एकही संपूर्ण उरलेला नाही. मार्कसची टिपणे आणि एपिक्टेटसची प्रवचने मात्र मोठ्या प्रमाणात हाती आहेत. स्टोइक तत्त्वज्ञान आज प्रामुख्याने व्यायामरूप दिसते, त्यात संहितांच्या नष्ट होण्याचा वाटा किती, हा प्रश्न आदो यांच्या मांडणीत पुरेसा तपासला गेलेला नाही.